इगतपुरीच्या धुक्यात लेझर अस्त्र



१३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशात कर्नूलच्या नॅशनल ओपन एअर रेंजवर डीआरडीओने मार्क-२ (ए) या लेझर अस्त्राची चाचणी घेतली. शक्ती ३० किलोवॅट. हैदराबादच्या ‘चेस’ या प्रयोगशाळेने ते घडवले आहे. स्थिर पंखांची मानवरहित विमाने आणि थव्याने येणारे ड्रोन यांच्यावर ते चालवून दाखवले गेले, टेहळणीचे संवेदकही त्याने निकामी केले. जगात मोजक्याच देशांकडे असलेली ही क्षमता आपल्या लोकांनी मिळवली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आज मी जे बोलणार आहे ते त्या अभिमानातूनच.

माझा प्रश्न साधा आहे. कर्नूल रायलसीमेत येते. तिथला एप्रिल कोरडा असतो. हेच यंत्र जुलैत इगतपुरीला, ढग घाटात उतरलेले असताना उभे केले तर काय होईल?

ज्यांच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानाला जमलो आहोत ते आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत राहिले. आकडा मांडल्यावाचून मत देऊ नये, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून आज थोडे आकडे सोसावे लागतील. त्यासाठी शाळेत शिकलेल्या गणिताहून फारसे काही लागणार नाही.

लेझर अस्त्र करते काय, तर ड्रोनच्या एका जागेवर उष्णता ओतते. स्फोट नाही, गोळा नाही. तीस-चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या आरशातून निघालेला किरण दोन किलोमीटरवर काही सेंटिमीटरच्या ठिपक्यात एकवटतो आणि तो ठिपका काही सेकंद एकाच जागी धरून ठेवावा लागतो. तेवढ्यात पंखाचे प्लास्टिक मऊ होते, बॅटरी पेटते किंवा कॅमेऱ्याची काच तडकते. तीस किलोवॅटचा किरण पाच सेकंद सोडला तर दीड लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. असे लेझर विजेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचाच प्रकाश करतात, म्हणजे वीज लागते पाच लाख ज्यूल. महावितरणच्या मीटरवर हा एका युनिटचा सातवा भाग. डीआरडीओने स्वतः काही सेकंदांच्या माऱ्याचा खर्च दोनेक लिटर पेट्रोलइतका सांगितला होता. ब्रिटनचे ‘ड्रॅगनफायर’ एका माऱ्याला सुमारे दहा पौंड घेते. ड्रोन काही हजार रुपयांपासून मिळतो आणि तो पाडणारे क्षेपणास्त्र लाखो-कोट्यवधींचे असते. हा व्यस्त हिशेब लेझर सुलटा करतो, म्हणून सगळी सैन्ये त्याच्याकडे आशेने पाहत आहेत. ती आशा खोटी नाही.

तिची अट मात्र एकच आहे : मध्ये हवा स्वच्छ हवी.

या विषयात एक मराठी मुलखातला दुवा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ते पदवीधर झाले, स्टॅनफर्डला गेले आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. कारखान्यात पत्रा कापणारे, दवाखान्यात शस्त्रक्रिया करणारे कितीतरी लेझर याच घराण्यातले. हवेतून दूरवर मोठी शक्ती पाठवण्याचा मार्गही त्यानेच प्रथम खुला केला. १९८३ मध्ये अमेरिकी हवाई दलाने विमानात बसवलेल्या अशाच जातीच्या लेझरने साइडवाइंडर क्षेपणास्त्रे निकामी करून दाखवली. म्हणजे बारामतीकराच्या शोधाला वीस वर्षे व्हायच्या आत ते अस्त्र झाले होते. पुढची चाळीस वर्षे ते प्रयोगशाळा आणि चाचणीमैदान यांच्यामध्ये का अडकून पडले? यंत्रांचा अवाढव्य आकार हे एक कारण. हवा हे दुसरे.

पटेलांच्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. आजची बहुतेक लेझर अस्त्रे काचतंतूंवर चालतात, त्यांची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रॉन. डोळ्याला दिसणारा हिरवा प्रकाश याच्या साधारण निम्म्या लांबीचा. मग कुणी म्हणेल, लांब तरंग घ्या, तो धुके भेदून जाईल. धूर आणि धुरके यांच्या बाबतीत यात तथ्य आहे. त्यांचे बारीक कण मायक्रॉनपेक्षा लहान असतात आणि अशा धुरकट हवेत १.०७ मायक्रॉनचा किरण आपल्या नजरेपेक्षा बराच पुढे जातो. धुक्याचे थेंब पाच-दहा-वीस मायक्रॉनचे. त्यांच्यापुढे हिरवा प्रकाश आणि अवरक्त किरण यांत फरक उरत नाही. दोघेही सारखेच अडतात. दहा मायक्रॉनचा तरंग वापरला तर ते पाणी त्याला शोषून घेते, शिवाय त्याच आरशातून पाठवलेला ठिपका दहापट रुंद होतो. जी तरंगलांबी दाट धुके सहज भेदेल आणि दोन किलोमीटरवर नाण्याएवढ्या जागी एकवटेलही, अशी निसर्गाने ठेवलेलीच नाही.

आता आकडे. डोळ्याला जितके दूरचे दिसते त्या अंतराला हवामानशास्त्रात दृश्यमानता म्हणतात आणि तिच्यावरून प्रकाश किती वेगाने विरतो ते काढता येते. दृश्यमानता वीस किलोमीटर असेल, म्हणजे पावसाने उघडीप दिलेली श्रावणातली एखादी धुतलेली दुपार, तर दोन किलोमीटरवर निम्म्याहून बराच जास्त, सुमारे दोन तृतीयांश किरण पोहोचतो. उत्तम. दृश्यमानता एक किलोमीटरवर आली, म्हणजे महामार्गावर गाड्या दिवे लावून चालतात एवढे धुके, तर एका किलोमीटरवर पोहोचतो फक्त दोन टक्के. तीस किलोवॅटमधले सहाशे वॅट. आपल्या घरातली कपड्यांची इस्त्री याहून जास्त तापते.

इथे कुणालाही वाटेल की मग शक्ती वाढवा. तीसचे तीनशे किलोवॅट करा. हे समजून घेण्यासारखे आहे, कारण अस्त्रांच्या जाहिराती नेमक्या याच ठिकाणी दिशाभूल करतात. धुक्यात किरण अंतराबरोबर गुणाकाराने विरतो. पहिल्या किलोमीटरला दोन टक्के उरले, तर दुसऱ्या किलोमीटरला त्या दोन टक्क्यांतले दोन टक्के. म्हणून त्या एक किलोमीटर दृश्यमानतेच्या धुक्यात शक्ती दहापट केल्यावर पल्ला वाढतो सुमारे सहाशे मीटर. दृश्यमानता दोनशे मीटर असेल तर दहापट शक्तीला मोबदला मिळतो सव्वाशे मीटरच्या आतबाहेर. वर यंत्र दहापट, जनरेटर दहापट, आणि दोन तृतीयांश वीज उष्णता होऊन यंत्रातच राहते ती बाहेर काढणारी शीतयंत्रणाही दहापट.

इगतपुरी सुमारे सहाशे मीटर उंचीवर, थळ घाटाच्या माथ्यावर. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. त्याच जिल्ह्यात नाशिक शहराला सातशेच्या आसपास आणि पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. कसाऱ्याहून गाडी वर चढताना आषाढात खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नसते. अरबी समुद्रावरून आलेला ढगच तो, डोंगराला टेकलेला. त्यात दृश्यमानता कैकदा शंभर-दोनशे मीटर. तिथे लेझरचा पल्ला एखाद्या दगडफेकीच्या अंतरावर येतो.

पाऊस आणि धुके यांत जास्त वाईट कोण, असे विचारले तर बहुतेक जण मुसळधार पाऊस म्हणतील. उत्तर धुके आहे आणि कारण मोठे सुंदर आहे. एका घनमीटर दाट धुक्यात पाणी असते ग्रॅमचा दहावा भाग, म्हणजे दोन थेंब. ताशी पंचवीस मिलिमीटरच्या जोरदार पावसात तेवढ्याच हवेत सुमारे एक ग्रॅम, दहापट जास्त. पण धुक्यातले ते दोन थेंब कोट्यवधी सूक्ष्म कणांत विखुरलेले असतात आणि त्यांची एकूण आडवी सावली पावसाच्या ठळक थेंबांच्या दहा-पंधरापट भरते. म्हणून अशा पावसात एक किलोमीटरवर किरणाचा आठवा-नववा हिस्सा तरी पोहोचतो. दाट धुक्यात काहीच पोहोचत नाही. रिमझिम पावसात जवळपास निम्मा किरण पार होतो, तिथे लेझर थोडा जास्त वेळ घेऊन काम करील. म्हणजे ‘पावसाळ्यात लेझर चालत नाही’ हे सरसकट विधानही बरोबर नाही. सर पडून गेल्यावर हवेतली धूळ बसते आणि तो तास लेझरसाठी उन्हाळ्यापेक्षाही चांगला असू शकतो. उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, दूरचे झाड हलताना दिसते, तसाच किरणाचा ठिपकाही हलतो आणि पसरतो. ढगाळ दिवशी ही थरथर कमी असते. प्रत्येक ऋतू काही देतो, काही घेतो.

दमट हवेची आणखी एक खोड आहे. किरण जाताना वाटेतली हवा आणि तिच्यातले कण थोडीशी उष्णता शोषतात. तापलेली हवा विरळ होते आणि किरणाला बाहेर पसरवणाऱ्या भिंगासारखी वागू लागते. किरण जितका जबर, तितका तो स्वतःचीच वाट बिघडवतो. वारा आडवा वाहत असेल तर ताजी हवा येते आणि परिणाम कमी होतो. वारा पडला आणि ड्रोन सरळ अंगावर चालून येत असला, म्हणजे किरण एकाच वाटेने जात राहिला, तर हा त्रास सर्वांत मोठा. आणि अंगावर चालून येणारा ड्रोन हाच तर खरा धोका.

याहून मूलभूत अडचण नेमाची आहे. रडार ड्रोनची साधारण जागा सांगते, पण पंखाच्या मुळाशी हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर ठिपका पाच सेकंद धरायचा तर कॅमेऱ्याला तो ड्रोन स्पष्ट दिसावा लागतो. कॅमेराही प्रकाशावरच चालतो. ज्या धुक्याने किरण थांबवला त्यानेच यंत्राचा डोळाही झाकला. दोन्ही एकाच कारणाने, एकाच क्षणी निकामी होतात. तोफेचे तसे नाही, ती रडारच्या आधाराने धुक्यातही गोळा पाठवते. सूक्ष्मतरंगांचा मारा करून ड्रोनची इलेक्ट्रॉनिक्स जाळणारी अस्त्रे आता विकसित होत आहेत. त्यांचे तरंग सेंटिमीटरांत मोजतात, म्हणून त्यांनाही धुके जवळजवळ अडवत नाही.

आता कुणी योग्य शंका काढील की अशा हवेत ड्रोन तरी कुठे उडतात? पुष्कळसे उडत नाहीत, हे खरे. चार पंख्यांचा हलका ड्रोन सोसाट्याच्या वाऱ्यात टिकत नाही, पाणी त्याच्या मोटारीत शिरते. कॅमेऱ्यातून पाहून जो चालवायचा त्याच्या चालकाला धुक्यात काहीच दिसत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये युक्रेनच्या पोक्रोव्स्क शहरासाठी लढाई चालू असताना रशियन सैनिक दाट धुक्याचा आडोसा घेऊन पुढे सरकले, कारण वरून पाहणारे ड्रोन तेवढा वेळ आंधळे झाले होते. म्हणजे धुके ड्रोनचेही शत्रू आहे.

पण सगळ्या ड्रोनचे नाही. इराणी बनावटीचा शाहेद हा ड्रोन उपग्रह आणि स्वतःच्या जडत्वमापकाच्या आधाराने ठरलेल्या बिंदूकडे जातो. त्याला खाली बघण्याची गरज नाही. तो ढगातून किंवा ढगांच्या वरून येतो. ताशी एकशे ऐंशी किलोमीटर धरले तर सेकंदाला पन्नास मीटर. स्वच्छ हवेत दोन किलोमीटरवर लेझर त्याला गाठू लागला, तर हातात चाळीस सेकंद असतात आणि एकेकाला पाच सेकंद धरले आणि मध्ये नेम बदलायला वेळ सोडला तरी पाच-सहा ड्रोन पाडता येतील. दृश्यमानता एक किलोमीटर असेल आणि पाचशे मीटरवर लढाई सुरू झाली, तर वेळ उरतो दहा सेकंद आणि तिथवर पोहोचणारा किरण सातव्या हिश्शावर आलेला. जे काम पाच सेकंदांत व्हायचे त्याला पस्तीस लागतात. एकही ड्रोन पडणार नाही. हल्लेखोराला हवामानाचा अंदाज आपल्याइतकाच सहज मिळतो, आणि तो दिवस निवडण्याचा अधिकारही त्याचाच असतो.

आपल्या देशात याचे उदाहरण युद्धाशिवायही घडते आहे. पंजाबच्या सीमेवर पलीकडून अमली पदार्थ आणि पिस्तुले टाकणारे ड्रोन सीमा सुरक्षा दल दर वर्षी मोठ्या संख्येने पकडते. २०२४ मध्ये ही संख्या अडीचशेच्या पुढे गेली. डिसेंबर-जानेवारीत तिथे धुके इतके उतरते की पन्नास मीटरवरचा माणूस दिसत नाही. ठरलेल्या बिंदूवर पुडके सोडून परत जाणाऱ्या ड्रोनला ते धुके म्हणजे सोय आहे. त्याच पंजाबात ऑक्टोबर-नोव्हेंबरला पराळीचा धूर, मे-जूनमध्ये शेजारच्या राजस्थानातून धुळीची वादळे. याउलट लडाखची विरळ, कोरडी हवा लेझरला आपल्या देशात सर्वांत अनुकूल. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे मिठाचे कण आणि चार महिने पाऊस.

ऑपरेशन सिंदूरच्या काळात, ८ आणि ९ मे २०२५ च्या रात्री, पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत छत्तीस ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठवल्याचे सरकारने सांगितले. ते अडवण्यात आकाशतीर ही संगणकीय जोडणी होती, क्षेपणास्त्रे होती, जॅमर होते. आणि एल-७०, झेडयू-२३, शिल्का या जुन्या विमानवेधी तोफांनीही फार मोठा वाटा उचलला. लोकांना या तोफा संग्रहालयात जायच्या वयाच्या वाटत होत्या. मे महिना होता, हवा मोकळी होती. तीच रात्र जानेवारीत आली असती तरी या तोफा बोलल्या असत्या. लेझर त्या रात्री तिथे असता तर मे महिन्यात उपयोगी पडला असता आणि जानेवारीत गप्प राहिला असता.

परदेशांचा अनुभव वेगळा नाही. इस्राएलने २०२४ च्या लढाईत कमी शक्तीच्या लेझरने हिजबुल्लाचे ड्रोन पाडले आणि शंभर किलोवॅटच्या श्रेणीतले ‘आयर्न बीम’ २०२५ च्या अखेरीस सैन्याच्या हाती दिले. पण त्याची जागा आयर्न डोम या क्षेपणास्त्रांच्या प्रणालीच्या जोडीला आहे, तिच्या बदली नाही. ढगाळ दिवशी क्षेपणास्त्रेच उडवावी लागतील, हे तिथल्या अभियंत्यांनी पहिल्यापासून धरले आहे. वर्षातले पाच-सहा महिने जिथे पाऊस नाही त्या देशाने ही खबरदारी घेतली. अमेरिकी भूसेनेने स्ट्रायकर गाड्यांवर पन्नास किलोवॅटचे लेझर बसवून २०२४ मध्ये पश्चिम आशियात पाठवले, तेव्हा उष्णता आणि गाडीच्या धक्क्यांनी प्रयोगशाळेतले निकाल मैदानात तसेच उतरत नाहीत, हे तिथल्या अधिकाऱ्यांनी उघडपणे मान्य केले.

मग हा विषय नाशिकने का उचलावा? देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी आणि नाशिक रोडचे तोफखाना केंद्र यांमुळे हे शहर भारतीय तोफखान्याचे घर आहे. लष्कराची मानवरहित विमाने सुरुवातीला तोफखान्याकडेच होती, नंतर ती आर्मी एव्हिएशनकडे गेली आणि त्यांचे लढाऊ प्रशिक्षण विद्यालयही नाशकातच. हवाई संरक्षणाचा स्वतंत्र विभागही १९९४ मध्ये तोफखान्यातूनच वेगळा झाला. ड्रोन उडवणारे आणि पाडणारे, दोघांचेही मूळ एकाच घरात.

आणि तोफखान्याचा एक जुना शिस्तीचा नियम आहे. लांब पल्ल्याची तोफ डागण्याआधी हवामान विचारायचे. फुगा वर सोडतात, वेगवेगळ्या उंचीवरचा वारा, तापमान, हवेचा दाब मोजतात, त्याचा संदेश तोफांपर्यंत जातो आणि त्याप्रमाणे नेम सुधारला जातो. थंड हवेत गोळा अलीकडे पडतो, उलट वाऱ्यात आणखी अलीकडे. तोपची हवामानाला दोष देत बसत नाही, तो ते हिशेबात धरतो. ही शिस्त लेझरच्या खरेदीत आणि चाचणीत आली पाहिजे, हे माझे आजचे मुख्य म्हणणे. लेझर अस्त्राचा पल्ला एकाच आकड्यात सांगणे चुकीचे आहे. दृश्यमानता वीस किलोमीटर असताना इतका, पाच असताना इतका, एक असताना इतका, ताशी वीस मिलिमीटर पावसात इतका, असा तक्ता यंत्राबरोबर आला पाहिजे. तो निर्मात्याच्या संगणकातून आलेला चालणार नाही, भर पावसात मोजलेला हवा. २३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर एकात्मिक हवाई संरक्षण प्रणालीची चाचणी झाली, तेव्हा लेझरने अनेक पंख्यांचा एक ड्रोन पाडला. पावसाळ्यातली चाचणी म्हणून मला तिचे महत्त्व कर्नूलपेक्षा जास्त वाटते. जाहीर निवेदनात त्या वेळची दृश्यमानताही दिली असती तर तिचे मोल कळले असते.

हे तक्ते बनवायला लागणारे ज्ञान महाराष्ट्रात आधीच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा सविस्तर अभ्यास चालवला आहे, थेंब किती मोठे, किती दाट, केव्हा उतरतात, केव्हा विरतात. दिल्लीचे हे धुके पंजाबातल्या धुक्याचे शेजारीच. त्याच संस्थेची महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळा आहे, जिथे पावसाळ्यात ढग चालत येऊन उपकरणांत शिरतो. सह्याद्रीच्या ढगातील थेंबांचे आकार तिथे मोजले गेले आहेत. विमान वेळेवर उतरावे आणि पावसाचा अंदाज सुधारावा म्हणून हे काम सुरू झाले. लेझरवाल्यांनी या आकड्यांकडे वळले पाहिजे. नागपूरच्या सोलर समूहाने ‘भार्गवास्त्र’ ही छोट्या रॉकेटांची ड्रोनविरोधी प्रणाली बनवून मे २०२५ मध्ये ओडिशातल्या गोपाळपूरला तिची चाचणी घेतली. पावसाळी दिवसांसाठी लेझरच्या शेजारी असेच काहीतरी उभे असावे लागेल आणि त्याची तुलनाही त्याच तक्त्यात व्हावी.

सिंहस्थाचा विचार मला यात टाळता येत नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर लाखोंची गर्दी असेल आणि सिंहस्थ पावसाळ्यातच येतो. त्या वेळी ब्रह्मगिरीचा माथा कित्येक दिवस ढगातच असतो. ड्रोनपासून रक्षण हा त्या बंदोबस्ताचा भाग असणारच आणि तो असावा. कुणी उत्साहाने तिथे लेझर सुचवला तर मी विरोध करीन. हवामान हे त्याचे एक कारण. दुसरे, जळत्या बॅटरीसह ड्रोन गर्दीत कोसळला तर चेंगराचेंगरी होईल. तिसरे, १.०७ मायक्रॉनचा किरण डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो, आणि चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित झालेला किरणही अंध करू शकतो. तिथे ड्रोनचा रेडिओ-संवाद लवकर ओळखणारी यंत्रे, रडार, जॅमर आणि जाळे टाकून ड्रोन पकडणारे दुसरे ड्रोन हेच योग्य. युक्रेनमध्ये काचतंतूची तार मागे सोडत जाणारे ड्रोन आले आहेत, त्यांना जॅमर लागू पडत नाही, हे मी जाणतो. त्यांच्यासाठी जाळे हवे, आग नको.

शेवटची गोष्ट नाशिकच्या महाविद्यालयांसाठी, विशेषतः भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागांसाठी. अस्त्र हातात नसतानाही हवा किरण किती जाऊ देते हे मोजता येते. एका टोकाला कमी शक्तीचा, डोळ्याला सुरक्षित लेझर, काही शे मीटरवर परत पाठवणारा प्रिझम, शेजारी प्रकाशमापक, पर्जन्यमापक आणि दृश्यमानतामापक. असा एक संच इगतपुरीला घाटमाथ्यावर, एक देवळालीच्या बाजूला आणि एक निफाडला ठेवावा. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किमान तापमानाची नोंद वर्षानुवर्षे होते, पहाटेच्या धुक्याचे दिवस तिथल्या द्राक्षबागायतदारांना तोंडपाठ असतात, कारण त्यावर त्यांच्या फवारण्या ठरतात. मृगापासून हस्तापर्यंत आणि मार्गशीर्षापासून माघापर्यंत, दर मिनिटाला एक नोंद. तीन ठिकाणे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या टप्प्यात, पण पाऊस तीन हजार, सातशे आणि पाचशे मिलिमीटरच्या पट्ट्यांतला. एवढ्या कमी अंतरात एवढे फरक देशात फार थोड्या जिल्ह्यांत मिळतील. दोन वर्षांत वर्षातले किती तास लेझर दोन किलोमीटरवर काम करील, किती तास एकावर आणि किती तास मुळीच नाही, याचे आकडे हाती येतील. हे काम सुरू करण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही, फक्त रेल्वे आणि वनखात्याच्या जागेत उपकरण ठेवायचे असेल तर तेवढी विचारणा करावी. येत्या मृगाच्या आधी तीन प्राध्यापक आणि नऊ-दहा विद्यार्थी तयार झाले, तर मांडणीचा आराखडा आणि उपकरणांची यादी मी उद्याच त्यांच्या हाती देईन.